नाशिकला गोदावरीत टाकलेली प्लास्टिकची बाटली समुद्रापर्यंत पोचते का? किती दिवसांत?

पोचू शकते, पण बहुतेक बाटल्या पोचत नाहीत. आंध्रातल्या राजमहेंद्रीपलीकडचा समुद्र राहिला दूर, पुष्कळशा नाशिकच्या शेजारच्या निफाड तालुक्यातच अडकतात. दिवस मात्र सांगता येत नाहीत, कारण कचरा पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो महिनोन् महिने पडून राहतो, पुरात पुढे सरकतो आणि पुन्हा कुठेतरी अडकतो.

उन्हाळ्यात नासर्डीच्या किंवा वाघाडीच्या, म्हणजे नाशकात गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यांच्या, पात्रात डोकावून बघा. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सगळं जागच्या जागी. पहिला दणकून पाऊस झाला की रस्त्यावरचं अन् गटारातलंही त्यात मिसळून गोदावरीत येतं. म्हणून पहिल्या पुराचं पाणी सगळ्यात घाण. पुढे गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरून नाशिककर पूर मोजतात) कमरेपर्यंत बुडतो, तेव्हा काठावर साचलेलंही उचललं जातं. पण पाणी ओसरताना त्यातलं बरंच झाडाझुडपांत राहतं. तपोवनाच्या खालच्या अंगाला बाभळींवर लोंबणाऱ्या पिशव्या बघितल्या की पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं.

तुमच्या बाटलीचं म्हणाल तर सगळं झाकणावर आहे. घट्ट झाकण असलेली रिकामी बाटली तरंगते आणि वारा तिला काठाला लावतो. झाकण निघून पाणी भरलं की ती तळाला जाते, कारण बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं (घनता साधारण १.३८, पाण्याची १). झाकण मात्र हलकं, ते एकटंच पुढे जातं! पातळ पिशव्या मधल्या पाण्यात हेलकावत राहतात, शेवाळ आणि गाळ चढला की त्याही बसतात.

पुढे निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीकडे पाणी संथ होतं आणि पाणवेलींच्या गालिच्यात प्लास्टिक गुंतून बसतं. नंतर नांदूरमधमेश्वरचा बंधारा, त्याहून पुढे पैठणचं जायकवाडी. एवढं पार करेपर्यंत उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात, आणि ते बारीक तुकडे कुठल्याच जाळीत सापडत नाहीत.

त्यामुळे नदी साफ करायला जाणारच असाल तर रामकुंडावर पावसाळ्यात जाण्यापेक्षा मे महिन्यात नाल्यांत उतरा. कचरा तेव्हा कोरडा असतो, एका जागी असतो आणि पोत्यात भरता येतो.