झाडी राखणाऱ्याचा हप्ता

प्रश्न : आमच्या नगरपालिकेला पाणी पुरवणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला सगळी खासगी जमीन आहे. मालकांनी काठची झाडी तोडू नये, गुरं पाण्यात सोडू नयेत, यासाठी त्यांना मालमत्ता करात सूट द्यावी असा ठराव मी मांडणार आहे. सहकारी म्हणतात, खासगी जमिनीवर लोकांचा पैसा कशाला? त्यांना काय सांगू?
— एक नगरसेविका

उत्तर : ताई, ठराव जरूर मांडा, पण त्यातली करसूट आधी खोडा. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यावर जाते. पडीक रानावर कर असतो तरी किती? त्यातली निम्मी सूट दिली, तरी मालकाच्या हाती काय पडणार? घसघशीत फायदा होईल तो आवारात चार शोभेची झाडं लावलेल्या बंगलेवाल्याचा. शिवाय ओढ्याचा वरचा भाग बऱ्याचदा हद्दीबाहेर असतो. तिथला कर तुमचा नाहीच, तर सूट कसली देणार? त्यापेक्षा करार करून रोख रक्कम द्या.

सहकाऱ्यांना न्यूयॉर्कचा हिशेब दाखवा. त्या शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं आणि तिथली बरीच जमीन खासगी आहे. १९८९च्या केंद्रीय नियमांमुळे गाळणी प्रकल्प उभारायची वेळ आली. खर्चाचा अंदाज होता काही अब्ज डॉलर. शहराने उलटा विचार केला, पाणी उगमापाशीच स्वच्छ ठेवायचं : शेणाची व्यवस्था, ओढ्याकाठची कुंपणं, शेतकऱ्यांच्या अशा कामांचा खर्च आपणच उचलायचा. सहभाग ऐच्छिक हवा, हा शेतकऱ्यांचा आग्रह शहराने मान्य केला. १९९७मध्ये मोठा करार झाला. त्या खोऱ्यांचं पाणी आजही निर्जंतुक करतात, पण गाळत नाहीत.

न्यूयॉर्कची तिजोरी मोठी, असं कुणी म्हणेलच. मग ब्राझीलमधलं एक्स्ट्रेमा सांगा. छोटं गाव. तिथल्या पालिकेने २००५मध्ये कायदा केला आणि २००७पासून जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. कुंपण, लागवड ही कामंही पालिकेच्या पुढाकाराने झाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. दर त्यांनी चलनात ठरवला नाही, पालिका ज्या मापाने कर आकारते त्या तिच्या स्वतःच्या कर-एककात ठरवला : हेक्टरी वर्षाला १०० एककं. एककाची किंमत वाढली की मालकाचा दरही आपोआप वाढतो, त्यासाठी कुणाला अर्ज घेऊन खेटे घालावे लागत नाहीत. असं कलम सुचायला लेखा विभागातलाच माणूस लागतो!

पण तुमची खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी आहे. आमच्याकडे अशीच योजना होती, वर्षावर्षाच्या तरतुदीवर चाललेली. एका वर्षी तरतूदच राहून गेली. एक म्हातारे मालक कराराची प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “साहेब, झाडांना सांगू का, पुढचं बजेट होईपर्यंत वाढू नका म्हणून?” त्यानंतर त्यांनी करार वाढवला नाही. आधी ते झाडी बापजाद्यांची म्हणून राखत होते. आम्ही तिला दर लावला आणि दरही दिला नाही.

म्हणून पैशाचा झरा आधी बांधा. इक्वेडोरच्या कीटो शहरात २०००मध्ये पाण्याच्या निधीसाठी ८० वर्षांचा न्यास केला गेला. सुरुवातीची रक्कम होती फक्त २१ हजार डॉलर. पुढे पाणीपुरवठा कंपनीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्यात जाईल, असा नियमच शहराने केला. तुम्हीही पाणीपट्टीतला वाटा स्वतंत्र लेखाशीर्षाखाली बाजूला काढा. नाहीतर रस्त्याला खड्डे पडले की पहिला घाला याच पैशावर पडतो. हे मी या हातांनी केलेलं आहे.

जे आधीपासूनच झाडी राखत आहेत त्यांना पैसे कशाला, हा आक्षेपही येईल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा नाही. तरी मी त्यांना वगळणार नाही. एकदा आम्ही वगळलं होतं, नव्या करारांचे पैसे फक्त नव्या लागवडीला ठेवले होते. ठरावाची बातमी फुटली आणि एका पट्ट्यात उभी झाडी रातोरात आडवी झाली. नवी लागवड दाखवायला जागा हवी ना! पात्रतेसाठी झाडीची मोजणी ठराव चर्चेला येण्याआधीच्या तारखेची धरा आणि मोजणी करून घेतल्यावरच विषय सभेपुढे आणा.