वाफेचा रूळ, वाफेचा रोलर की वाफेचा वरवंटा?

इंग्लंडमधील वाफेच्या जुन्या यंत्रांवरील एका लेखाचे मराठी भाषांतर करताना एका भाषांतरकर्तीने 'स्टीम रोलर'साठी (रस्त्याची खडी दाबणारे वाफेचे यंत्र) 'वाफेचा रूळ' आणि 'ट्रॅक्शन इंजिन'साठी (स्वतः चालून अवजड गाड्या ओढणारे वाफेचे इंजिन) 'वाफेचा ट्रॅक्टर' असे प्रतिशब्द योजले. संपादकांनी पहिला शब्द खोडून तेथे 'वाफेचा वरवंटा' असे केले, दुसरा मात्र तसाच राहू दिला. यांपैकी ग्राह्य काय, असा प्रश्न आहे. माझ्या मते 'रूळ' चालेल, पण 'रोलर' अधिक बरा. 'वरवंटा' त्या जागी नको, आणि 'ट्रॅक्टर' तर मुळीच नको.

'रूळ' चुकीचा नाही. जमीन सपाट करण्यासाठी ओढतात त्या दगडी किंवा लोखंडी नळकांड्याला रूळ म्हणण्याची पद्धत जुनीच आहे. अडचण एवढीच, की रेघा आखण्याची दांडी, शिपायाच्या हातातील दंडुका आणि आगगाडीची लोखंडी पट्टी या तिघांनाही आपण रूळच म्हणतो. विषय वाफेच्या इंजिनाचा असताना 'रुळावरून' असा शब्द आला, की वाचकाच्या डोळ्यांसमोर रेल्वेच उभी राहते. रस्त्याच्या कामावरील माणसे 'रोलर फिरवला', 'खडीवर रोलर मारला' असेच म्हणतात, तेव्हा जो शब्द कामाच्या जागी रुजला आहे तो कागदावर नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

संपादकांना 'वरवंटा' का सुचला असावा, ते मात्र कळते. विरोध चिरडून पुढे जाणे या अर्थाने इंग्रजीत 'स्टीमरोलर' हे क्रियापदासारखे वापरतात, आणि नेमक्या त्याच अर्थाने मराठी वृत्तपत्रे 'दडपशाहीचा वरवंटा फिरवला' असे लिहितात. लाक्षणिक अर्थ असेल तेथे वरवंटाच हवा. तेथे 'सरकारने वाफेचा रोलर फिरवला' असे लिहिणे हास्यास्पद होईल. परंतु प्रत्यक्ष यंत्राला ते नाव देताना दोघांचे काम निरनिराळे आहे हे विसरता येत नाही. वरवंटा दोन्ही टोकांना धरून, भार देऊन पाट्यावर पुढेमागे सरकवतात. तो लोळवला तर चटणी वाटली जात नाही, आणि पाट्याला टाकी लावलेली नसेल तर तो नुसताच घसरतो. वाटणे म्हणजे वस्तूचे मूळ रूप मोडणे. रोलरचे काम याच्या उलट आहे. खडीचे तुकडे एकमेकांत घट्ट अडकावेत आणि उरलेल्या फटी मुरूम व पाण्याने भराव्यात, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. खडीचा भुगा झाला तर रस्ता बिघडला असे समजतात. कामाच्या दृष्टीने त्याचा जवळचा नातेवाईक वरवंटा नसून जमीन चोपण्याचे धुमस आहे.

येथे 'फिरवणे' या क्रियापदाकडेही पाहावे. वरवंटा फिरवणे, नांगर फिरवणे, बोळा फिरवणे, पाठीवरून हात फिरवणे, यांत कोणतीच वस्तू स्वतःभोवती फिरत नाही. ती एखाद्या पृष्ठभागावरून नेली जाते. 'रोलर फिरवणे' या एकाच प्रयोगात मात्र दोन्ही अर्थ खरे ठरतात.

आता 'ट्रॅक्शन इंजिन'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील शेतांवर मळणीसाठी वाफेची इंजिने होती, पण ती स्वतः चालत नसत. त्यांना घोडे जुंपून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यावे लागे. केंट परगण्यातील रोचेस्टर येथील टॉमस अ‍ॅव्हलिंग यांना हे दृश्य यंत्रविद्येचा अपमान वाटे. सहा शिडाच्या जहाजांनी एका आगबोटीला ओढत न्यावे तसलाच हा प्रकार, असे ते म्हणत. १८५९ साली त्यांनी अशा एका इंजिनाची शक्ती साखळीने त्याच्याच चाकांना दिली आणि ते स्वतः चालू लागले. पुढे ते अवजड गाड्याही ओढू लागले, म्हणजे जे ओढले जात होते तेच ओढणारे झाले. याच कारणासाठी 'ओढायचे इंजिन' असा शब्दप्रयोग टाळावा, कारण 'ज्याला ओढायचे आहे ते' आणि 'ज्याने ओढायचे आहे ते' असे दोन्ही अर्थ मराठीत त्यातून निघतात. 'ओढणारे इंजिन' निःसंदिग्ध आहे. पारिभाषिक शब्दच हवा असेल तर 'कर्षण-इंजिन' घ्यावे. कृष् या धातूचा अर्थ ओढणे असाही आहे आणि नांगरणे असाही. 'आकर्षण' आणि 'कृषी' हे दोन्ही त्याचेच. लीड्सच्या जॉन फाउलर यांच्या पद्धतीत शेताच्या दोन बांधांवर दोन इंजिने उभी करून त्यांच्यामध्ये तारेच्या दोराने नांगर इकडून तिकडे ओढत. तेथे कृष् धातूचे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, याचे मला कौतुक वाटते.

'ट्रॅक्टर'ला माझी हरकत येथेच आहे. अमेरिकेत अशा इंजिनांना तसे म्हणतात हे खरे, पण मराठी वाचकाचा ट्रॅक्टर शेतात उतरतो. फाउलरचे इंजिन इतके जड असे, की ते मऊ जमिनीत उतरवण्याऐवजी बांधावरच ठेवीत.

स्टीम रोलर हा याच इंजिनाचा भाऊ आहे. बॉयलर, धुराडे, मोठे गतिचक्र सारे तेच. फरक मुख्यतः चाकांचा. ओढणाऱ्या इंजिनाच्या मागील चाकांवर पकड मिळावी म्हणून तिरप्या पट्ट्या असतात, तर रोलरची चाके गुळगुळीत असतात. कलकत्ता नगरपालिकेचे अभियंते विल्यम क्लार्क यांनी आपले सहकारी बॅथो यांच्यासह १८६३ साली अशा यंत्राचा आराखडा केला होता, तेव्हा या शब्दाचा आपल्या देशाशी संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. मात्र इंग्रजीत डिझेलच्या रोलरलाही सवयीने 'स्टीमरोलर' म्हणतात. मूळ लेखातील प्रसंग अलीकडचा असेल तर 'वाफेचा' हे विशेषण गाळून नुसते 'रोडरोलर' लिहावे.

जाता जाता आणखी दोन जागा. लेखात १८६५ च्या 'लोकोमोटिव्ह' कायद्याचा उल्लेख असेल, तर तेथे 'रेल्वे इंजिन' लिहू नये. तो कायदा रस्त्यावरच्या इंजिनांसाठी होता: गावाबाहेर ताशी ४ मैल, वस्तीत २ मैल, इंजिनाबरोबर किमान तीन माणसे, आणि त्यांपैकी एकाने ६० यार्ड पुढे चालत जायचे. या पुढच्या माणसाच्या हातात जे असे त्याला 'लाल बावटा' म्हणणे शब्दशः बरोबर आहे, पण मराठी कानाला त्यातून गिरणी कामगारांचा मोर्चाच ऐकू येईल. तेथे 'तांबडे निशाण' लिहावे.