कसं कळलं, ते विचार

बाय,

वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमच्या मुलाखतीचं तुझं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याखाली रात्री दीडला टाकलेला मेसेजपण वाचला: "मॅडम काहीच ठाम बोलत नाहीत, घरी मामा म्हणतो वाघ इथले नव्हेतच, कोणीतरी आणून सोडलेत, मी कोणाचं खरं धरू, का सोडूनच देऊ हे सगळं आणि पुण्याला जाऊ." जायचं तर जा, पुण्याची नोकरी काय वाईट नाही, मी हात धरून बसवणार नाही. पण जायच्या आधी तेच रेकॉर्डिंग परत एकदा लाव आणि मोज, तू त्यांना "तुम्हाला काय वाटतं" किती वेळा विचारलंस आणि "हे तुम्हाला कसं कळलं" किती वेळा. दुसरा आकडा मी सांगतो. शून्य.

शास्त्रज्ञाला काय वाटतं ह्याचं मला फार कौतुक नाही. वाटायला काय, वाळपईच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाघाबद्दल काही ना काही वाटतंच. त्या बाई जंगलात महिने काढतात ते वाटून घ्यायला नाही काढत. तेव्हा कसं कळलं ते विचार. बाकीचे प्रश्न तू गुगलवर सोडलेस तरी चालतील.

आता तुझाच प्रश्न घे. "गोव्यात वाघ किती?" त्या म्हणाल्या, असं एका आकड्यात सांगणं बरोबर होणार नाही. आणि तू काय केलंस, तर "ओके मॅम" म्हणून कागदावरचा पुढचा प्रश्न वाचलास, कासवांचा! मी खुर्चीतून उठलो गं ऐकताना. अगं त्या क्षणी थांबायचं, कागद उलटा ठेवायचा आणि म्हणायचं, बरं, मग मोजतात कसं ते तरी सांगा.

तेव्हा त्यांनी सांगितलं असतं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या कुशीचे उजव्या कुशीशी जुळत नाहीत, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. मग तोच वाघ परत किती वेळा टिपला गेला, नवे किती आले, ह्यावरून न दिसलेले किती असतील ह्याचा अंदाज काढतात. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत नव्वदच्या दशकात ही पद्धत वाघांसाठी बसवली, त्याआधी पंजाच्या ठशांवर मोजणी चालायची. वर्षाच्या आतले बछडे ह्या अंदाजात धरतच नाहीत. आणि आपला सत्तरी तालुक्यातला वाघ महाराष्ट्रातल्या तिळारीत जातो, कर्नाटकातल्या भीमगडात जातो, खाली काळीच्या जंगलात जातो, त्याच्याकडे काय रहिवासी दाखला नसतो. एवढं कळलं की "एका आकड्यात सांगता येणार नाही" हे वाक्य टाळाटाळीचं वाटत नाही, उलट त्या बाईंनी अख्ख्या मुलाखतीत दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच होतं आणि तू ते एडिटमध्ये कापलंस!

हे मी उगाच ताणत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत गोव्याच्या नावापुढे ३ वाघ होते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली, गुरं मारली म्हणून विष घातलेलं. नोंद तिघांची आणि मेले चार. तेव्हा चहाच्या हॉटेलात, पंचायतीत, लग्नाच्या मांडवात एकच चर्चा, अर्धे म्हणत शास्त्रज्ञ खोटं बोलले आणि उरलेले तुझ्या मामासारखे म्हणत की बाहेरून आणून सोडले. तीन हा आकडा आला कुठून, केव्हाच्या फोटोंवरून, कितव्या वयापासून मोजतात, हे विचारणारा मला तरी त्या दिवसांत भेटला नाही. अंदाज जुना, बछडे त्यात धरत नाहीत, जनावर सीमा ओलांडणारं. एवढं समोर ठेवलं असतं तर तीन आणि चारचं कोडं कोडं राहिलं नसतं.

आणि मामालापण विचार. हो, त्यालाच आधी विचार. "मामा, आणून सोडले हे तुला कसं कळलं?" आवाज खाली ठेवून, चहा पुढ्यात असताना, मामा आहे तो तुझा, आरोपी नाही. कदाचित तो म्हणेल अमक्याने रात्री गाडी बघितली, मग त्या अमक्याकडे जा. कदाचित म्हणेल सगळेच म्हणतात, तर तेही कळलं. पण त्याच ओघात तो तुला हेही सांगेल की त्याची कुठली गाय कुठल्या पाणवठ्यावरून परत आली नाही, त्या वेळी काय महिना होता, भरपाईच्या कागदासाठी किती चकरा झाल्या आणि हातात काय पडलं. ते त्याने स्वतः बघितलेलं आहे, ते त्या मॅडमकडे नाही. मामाचं सगळं खोटं आणि मॅडमचं सगळं खरं अशी वाटणी करायला तुला कोणी सांगितलं नाही. जुलै २०२३ ला हायकोर्टाने तीन महिन्यांत गोव्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून आदेश दिला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि गावात लोक दोन बाजूंना उभे राहिले. तू कुठल्या बाजूला ते मी विचारत नाही. तुझ्या बाजूला जे बोललं जातं ते कसं कळलं, एवढंच विचारतो.

माकडतापाचं तुला आठवत असेल, लहान होतीस पण सत्तरीचीच ना. २०१५ ला पाळी गावात माणसं आजारी पडली, मग आणखी गावं, आणि लोक माकडांवर चिडले. नावातच माकड, काय करणार. मी तेव्हा ह्या रोगावर काम करणाऱ्या एका संशोधकाकडे गेलो आणि माझा तोच एक प्रश्न. त्याने व्याख्यान दिलं नाही, उठून कपाटातून पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काढला. हे जंगलातल्या पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचं, गोचिडी चिकटतात, चिमट्याने वेचायच्या, कुपीत भरायच्या, लॅबमध्ये विषाणू शोधायचा. १९५७ ला कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हापासून हा माग चालू आहे. चावते ती गोचीड, बहुतेक वेळा तिची बारीक पिल्लावस्था, डोळ्यांना नीट दिसतही नाही. आणि माकड बिचारं आपल्यासारखंच बळी, आपल्याआधी मरतं म्हणून आपल्याला निदान इशारा मिळतो. काजूच्या हंगामात बायामाणसं बोंडू वेचायला पाचोळ्यात वाकलेली असतात आणि गोचिडीच्या पिल्लांचे दिवसही तेच, कोरडे. त्या कापडाच्या तुकड्यावर मी जे लिहिलं ते लोकांनी वाचलं. "जंगलात जाताना काळजी घ्या" हे तर आरोग्य खात्याच्या पत्रकातही होतं, कोण वाचतो?

कासवांचं काय केलंस तेपण बोलतो, आता सुरू झालोच आहे तर. तू म्हणालीस "कासव जिथे जन्मतं तिथेच अंडी घालायला येतं ना मॅम?" आणि त्या म्हणाल्या हो, तसं मानतात. ह्या "मानतात"मध्ये केवढं काय आहे! मोरजीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून निघालेलं पिल्लू तळहातावर मावतं, त्याला मोठ्या कासवासारखा टॅग लावता येत नाही, आणि अंडी घालण्याएवढं व्हायला त्याला दहा वर्षांहून जास्त लागतात. मग तेच परत आलं हे कोणी बघितलं? विचारलं असतंस तर आईकडूनच येणाऱ्या डीएनएची गोष्ट निघाली असती, वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या माद्यांचा हा डीएनए तपासून काय ताडता येतं आणि काय येत नाही. वाळूच्या उष्णतेवर नर का मादी ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त, हेही कोणीतरी अंडी वेगवेगळ्या तापमानात उबवून बघितलं तेव्हा कळलं ना. आगोंद, गालजीबाग, मांद्रे, सगळीकडे पर्यटकांना सांगितल्या जातात ह्या गोष्टी, देवळातल्या कीर्तनासारख्या, कोणी शंका काढत नाही.

आता तू म्हणशील काका तुमचं ठीक आहे, असलं कोण छापतं. बरोबर. माझा कॉलम ह्याच्यावरूनच बंद झाला, सगळ्यांना माहीत आहे, तुझ्याही कानावर आलंच असेल, त्यात थोडं तिखटमीठ लावलेलं. मी लिहायचो "बहुधा", "ह्या नमुन्यांवरून तरी", आणि डेस्कवरून ते शब्द उडायचे, कारण म्हणे वाचकाला ठाम लागतं. मी म्हटलं उडवायचे तर माझं नावपण उडवा. उडवलं! मित्र म्हणतात दोन शब्दांसाठी एवढा हट्ट कशाला, घरीपण ऐकून घेतलं, त्या पैशांत लाईटबिल भागत होतं. मला आजही तसंच वाटतं की तो शब्द काढला की त्या माणसाच्या तोंडी मी खोटं घातलं, आणि पुढच्या वेळी तो माझ्याशी का बोलेल? एवढी वर्षं जे लोक दार उघडतात ते त्या दोन शब्दांमुळेच उघडतात. अडेलतट्टू म्हणा हवं तर.

खंत आहे ती दुसरीच. शास्त्रज्ञांना हा प्रश्न विचारत फिरलो आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानस म्हणजे पाण्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायचं पुढे ढकलत राहिलो. भरतीला लाकडी झडपा पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात, ते यंत्र कोणीही समजावतं. पण कुठल्या अमावास्येला बांध राखायला जागं राहायचं, कोरगूट भात पेरायच्या आधी शेतातलं खारं पाणी पुरेसं धुऊन गेलं हे ते कशावरून ओळखायचे? विचारू, विचारू म्हणता ती माणसं गेली. आता त्याच खाजनांवर प्रबंध होतात आणि संशोधक मला विचारतात कोणी जुना माणूस आहे का. तुझ्या आजोळी आहेत अजून काही, तिकडे जा आधी.

आणि हो, आपल्या बाजूच्या माणसाला हा प्रश्न विचारताना जीभ जड होते, तिथेच जास्त विचारायचा. मोलेच्या जंगलातल्या प्रकल्पांविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा, २०२० ला, तुम्ही पोरांनी रस्त्यावर जे केलं त्याचं मला कौतुक आहे, तेव्हाही मी पोस्टरवरच्या झाडांच्या आकड्याबद्दल विचारलं तर एकाने मला विकला गेलेला म्हटलं. विकत घ्यायला काय होतं माझ्याकडे, जुना रेकॉर्डर? शेवटी सुप्रीम कोर्टाच्या समितीने एप्रिल २०२१ ला रेल्वे दुपदरीकरणाची मंजुरी मागे घ्यायची शिफारस केली आणि मे २०२२ ला कोर्टाने ती मंजुरी रद्द केली, ती घोषणांवर नव्हे. ह्या दुपदरीकरणाची गरज आहे हे कशावरून, जंगलावर काय परिणाम होईल ते तपासलं का, ह्यावर समोरून धड उत्तर आलं नाही म्हणून. माझाच प्रश्न आहे तो, फक्त वकिलांनी विचारला.

तर मॅडमना परत फोन लाव. त्या रागावलेल्या नाहीत, अशा लोकांना कोणी नीट विचारलं की बरं वाटतं. कॅमेरे कुठे बांधले ते विचार, पण जागा छापू नकोस, शिकारीपण वाचतात. किती कॅमेरे चोरीला गेले ते विचार. आधी एक समजत होत्या आणि फोटो बघून बदलावं लागलं असं काही आहे का ते विचार, आणि मग गप्प बस, त्या विचार करत असताना मध्ये "म्हणजे मॅम" करून घुसू नको, ती सवय वाईट आहे तुझी. "सांगता येणार नाही" हे वाक्य परत जोड, जिथे होतं तिथेच. मागे वाजणारी ती बासरी काढ. आणि मामाचं रेकॉर्ड केलंस तर त्याला विचारून कर, नाहीतर तुझी आई माझ्यावर ओरडेल, तुझ्यावर नाही.