एक मतपत्रिका, तीन पदे: रेपुब्लिका सर्प्स्काच्या निवडणुकीवर वाचकांचे प्रश्न

बाल्कनमधल्या रेपुब्लिका सर्प्स्का या प्रदेशात अध्यक्षपदाची आणि विधानसभेची निवडणूक कशी होते, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे कमीजास्त लांबीची झाली आहेत, कारण काही प्रश्न वरवर साधे दिसतात आणि उकलायला गेलो की त्यातून दहा गोष्टी निघतात.

रेपुब्लिका सर्प्स्का हा देश आहे का? नसेल तर त्याला स्वतःचा अध्यक्ष कसा? (सांगली)

देश नाही. शेजारचा सर्बिया वेगळा, आणि हा बोस्निया-हर्झगोविना या देशाचा एक भाग वेगळा. 1992 ते 1995 या काळात बोस्नियात जे युद्ध झाले त्यात सुमारे एक लाख माणसे मेली. ते थांबवण्यासाठी नोव्हेंबर 1995मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या हवाई तळावर करार ठरला आणि 14 डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या. देश एकच ठेवायचा, पण आत दोन घटक करायचे, असा तो तोडगा होता. 51 टक्के भूभाग बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएटांच्या फेडरेशनला, 49 टक्के सर्बांच्या रेपुब्लिका सर्प्स्काला. ब्रच्को हा छोटा जिल्हा पुढे लवादाने दोघांपासून वेगळा काढला. बोस्नियाचे संविधान म्हणजे या तहाचेच चौथे परिशिष्ट आहे. शस्त्रसंधी करायला बसलेल्या लोकांनी लिहिलेले संविधान लोक आजही वापरत आहेत, हे एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या निम्म्या गोष्टी समजतात.

रेपुब्लिका सर्प्स्काला अध्यक्ष आहे, पंतप्रधान आहे, बान्या लुका शहरात 83 सदस्यांची विधानसभा आहे, स्वतःचे पोलीस आहेत. वेगळे सैन्यही होते, ते 2006च्या सुरुवातीला देशाच्या सैन्यात विलीन झाले. परराष्ट्र व्यवहार देशाच्या राजधानीतून, सारायेव्होतून चालतात. कागदावर अध्यक्षाचे अधिकार बेताचेच: पंतप्रधानपदासाठी नाव सुचवणे, कायद्यांवर सही करणे किंवा ते परत पाठवणे, शिक्षा माफ करणे. पण अध्यक्ष सत्तारूढ पक्षाचा सर्वेसर्वाही असला की पंतप्रधान कोण आहे हे लोकांना आठवतही नाही.

एकाच मतपत्रिकेवर अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष कसे निवडले जातात? (पुणे)

मतदार एकाच नावापुढे खूण करतो. ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष. तो सर्ब असेल, तर बोस्नियाक उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तो एक उपाध्यक्ष आणि क्रोएट उमेदवारांपैकी पहिला तो दुसरा. उमेदवारी अर्जातच आपण कोणत्या समाजाचे हे जाहीर करावे लागते. 2022मध्ये मिलोराद दोदिक अध्यक्ष झाले, तर चामिल दुराकोविच आणि दावोर प्रान्यिच उपाध्यक्ष. दुराकोविच हे स्रेब्रेनित्साचे माजी महापौर. जुलै 1995मध्ये जिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलांची हत्या झाली, ते गाव रेपुब्लिका सर्प्स्कातच येते.

ही व्यवस्था 2002मध्ये आली. प्रदेशात सर्ब बहुसंख्य असले तरी तिन्ही समाजांचा त्यावर सारखाच हक्क आहे, असा निकाल बोस्नियाच्या घटना न्यायालयाने 2000मध्ये दिला होता, त्यातून ती निघाली. हेतू चांगला होता. पण उपाध्यक्षांच्या हाती काम जवळपास काहीच नाही, आणि अध्यक्षपदासाठी दुसरी फेरी नाही. 2014मध्ये आणि 2022मध्ये दोदिक निम्म्याहून कमी मतांवर निवडून आले. दुसरी फेरी असती तर निकाल कदाचित वेगळे लागले असते, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. देशपातळीवर तीन सदस्यांचे जे अध्यक्षमंडळ आहे, त्यात रेपुब्लिका सर्प्स्कातून फक्त सर्ब निवडला जाऊ शकतो. फेडरेशनमधून फक्त बोस्नियाक आणि क्रोएट. रोमा समाजाचे देर्वो सेयदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिंची यांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर 2009मध्ये ते जिंकले. 2016मध्ये स्रेब्रेनित्साचे बोस्नियाक डॉक्टर इलियाझ पिलाव हेही जिंकले. राहतात रेपुब्लिका सर्प्स्कात, म्हणून तिथून उभे राहता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सेयदिच-फिंची निकालाला दीड दशक उलटले, संविधान तसेच आहे. स्वतःच्या गावात मत देता येते पण उभे राहता येत नाही, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

2022च्या मतमोजणीच्या रात्री दोघांनीही विजय जाहीर केला होता म्हणे. हे कसे शक्य आहे? (नाशिक)

2 ऑक्टोबर 2022. अध्यक्षपदासाठी एका बाजूला दोदिक, दुसऱ्या बाजूला पीडीपी या विरोधी पक्षाच्या येलेना त्रिविच. केंद्रे संध्याकाळी सातला बंद झाली आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या प्रतिनिधींनी पाठवलेल्या आकड्यांवरून विजय साजरा केला. पुढच्या दिवसांत बान्या लुकात हजारो लोक रस्त्यावर उतरले. केंद्रीय निवडणूक आयोगाने अध्यक्षपदाच्या सगळ्या मतपत्रिका सारायेव्होच्या मुख्य मोजणी केंद्रात आणून पुन्हा मोजण्याचा आदेश दिला. महिना संपता संपता निकाल आला: दोदिक सुमारे 47 टक्के, त्रिविच सुमारे 43 टक्के. गैरप्रकार आढळले, पण त्यांनी निकाल फिरत नव्हता, असे आयोगाचे म्हणणे.

गैरप्रकार म्हणजे नेमके काय, ते जरा जवळून पाहू. सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या मतदाराच्या हातात चार मतपत्रिका पडतात: देशाचे अध्यक्षमंडळ, देशाची संसद, प्रदेशाचा अध्यक्ष, प्रदेशाची विधानसभा. सगळे कागदावर, पेनाने, आणि मोजणी त्याच केंद्रावर त्याच रात्री. केंद्र चालवते एक छोटी समिती. तिच्यात निवडणूक लढवणाऱ्या पक्षांना चिठ्ठ्या टाकून जागा मिळतात. आता असे होते की नाव नसलेला एखादा पक्ष नोंदणी करतो, समितीतल्या जागा मिळवतो आणि मोठ्या पक्षाच्या माणसांना त्या जागांवर बसवतो. कागदावर समितीत वेगवेगळे पक्ष, प्रत्यक्षात टेबलाभोवती एकाच पक्षाची माणसे. मग न आलेल्या मतदाराच्या नावापुढे सही करणे किंवा विरोधकाच्या मतपत्रिकेवर दुसरी खूण करून ती बाद करणे, याला अडवणार कोण?

दुसऱ्या प्रकाराला तिथे ‘बल्गेरियन ट्रेन’ म्हणतात. केंद्राबाहेर दलालाकडे आधीच खूण केलेली एक मतपत्रिका असते. मतदार ती खिशात घालून आत जातो, आत मिळालेली कोरी मतपत्रिका खिशात ठेवतो, भरलेली पेटीत टाकतो, आणि बाहेर येऊन कोरी दलालाला देतो. पैसे त्यानंतर मिळतात. कोऱ्या मतपत्रिकेवर खूण होते आणि ती पुढच्या माणसाच्या हाती जाते. एक मतपत्रिका बाहेर आली की दिवसभर हे चक्र चालते, आणि रात्री मोजणीत सगळे आकडे जुळतात. म्हणूनच फेरमोजणीत हा प्रकार सापडत नाही.

2024च्या स्थानिक निवडणुकीत काही केंद्रांवर बोटांच्या ठशांनी ओळख पटवणारी आणि मतपत्रिका स्कॅन करणारी यंत्रे वापरून पाहिली. दुसऱ्याच्या नावावर सही करणे आणि मोजणीतली हातचलाखी त्याने बरीच रोखता येते. ‘ट्रेन’ मात्र खिशात चालते, तिला यंत्र पुरत नाही.

निवडून आलेल्या अध्यक्षाला पदावरून काढले ते कुणी? कोणत्या अधिकाराने? (बेळगाव)

डेटन करारावर देखरेख ठेवायला ‘उच्च प्रतिनिधी’ नावाचा एक परदेशी मुत्सद्दी सारायेव्होत बसतो. 1997च्या अखेरीस त्याला कायदे लागू करण्याचे आणि लोकप्रतिनिधींना बडतर्फ करण्याचे अधिकार मिळाले. संस्थानात राजा असतानाही ब्रिटिश रेसिडेंटचा शब्द अखेरचा असे, तसे काहीसे हे पद आहे, फरक इतकाच की याचा हेतू शांतता राखण्याचा आहे. मार्च 1999मध्ये उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी निवडून आलेले अध्यक्ष निकोला पोप्लाशेन यांना एका आदेशाने घरी पाठवले. 2004मध्ये पॅडी अ‍ॅशडाउन यांनी एका दिवसात सर्ब बाजूच्या सुमारे 60 जणांना पदावरून दूर केले, त्यात विधानसभेचे सभापतीही होते. हे अ‍ॅशडाउन जन्माने नवी दिल्लीचे.

2025ची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. उच्च प्रतिनिधी क्रिस्टियान श्मिट यांचे निर्णय आणि घटना न्यायालयाचे निकाल आपल्या प्रदेशात लागू होणार नाहीत, अशा आशयाच्या कायद्यांवर दोदिक यांनी जुलै 2023मध्ये सह्या केल्या. खटला चालला. फेब्रुवारी 2025मध्ये न्यायालयाने त्यांना एक वर्ष कैद आणि सहा वर्षे राजकीय पदाची बंदी सुनावली, ऑगस्टमध्ये अपिलात ती कायम झाली आणि निवडणूक आयोगाने त्यांचे अध्यक्षपद संपल्याचे जाहीर केले. कैदेऐवजी त्यांनी दंड भरला. आधी सार्वमताची भाषा झाली, मग ऑक्टोबरमध्ये माघार. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेने त्यांच्यावरचे निर्बंध उठवले. पक्षाचे प्रमुख अर्थातच तेच राहिले.

न्यायालयीन शिक्षा ही 1999च्या फर्मानापेक्षा नक्कीच बरी, असे माझे मत आहे. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: उच्च प्रतिनिधीचा आदेश न पाळणे हा गुन्हा ठरवणारे कलम श्मिट यांनीच 2023मध्ये आपल्या अधिकारात लागू केले होते. लोकांनी निवडलेल्या सभागृहात त्यावर मतदान झाले नव्हते. दोदिक यांना प्रचाराला याहून सोयीचे कारण कुठले मिळणार होते?

मतदारसंख्या जवळपास लोकसंख्येएवढी कशी? (दुबई)

अगदी बरोबर हेरले. 2013च्या जनगणनेत देशाच्या सांख्यिकी संस्थेने प्रदेशात 12,28,423 माणसे मोजली, प्रदेशाच्या स्वतःच्या संस्थेने 11,70,342. कायम रहिवासी कुणाला म्हणायचे यावरच वाद होता. त्यानंतर लोक बाहेर जातच राहिले, आणि 2025च्या मतदार यादीत साडेबारा लाखांहून अधिक नावे. लहान मुले धरूनही माणसे एवढी नाहीत! ओळखपत्र काढले की नाव आपोआप यादीत येते, जर्मनीत, ऑस्ट्रियात, स्लोव्हेनियात नोकरीला गेलेला माणूस गावचा पत्ता सोडत नाही. म्हणून तिथली मतदानाची टक्केवारी दिसते त्याहून खरी जास्त असते. आणि गैरहजर माणसांची नावे यादीत असणे म्हणजे वर सांगितलेल्या सहीच्या उद्योगाला आयता कच्चा माल.

भारताचा या भागाशी काही संबंध आला होता का? (कोल्हापूर)

आला होता. 1992मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना युगोस्लाव्हियात उतरली तेव्हा तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. मुख्यालय सुरुवातीला सारायेव्होतच होते.

दोदिक यांचा पक्ष पुन्हा जिंकला म्हणजे तिथल्या सर्बांना फुटून निघायचेच आहे, असे समजायचे का? (ठाणे)

नाही, आणि हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे. बाहेरची वर्तमानपत्रे या निवडणुकीकडे युद्ध की शांतता, सर्ब की बोस्नियाक एवढ्याच चष्म्यातून पाहतात. प्रत्यक्षात अध्यक्षपदाची लढत सर्ब विरुद्ध सर्ब असते, आणि ती अनेकदा अटीतटीची होते. 2014मध्ये दोदिक आणि ओग्न्येन तादिच यांच्यात साडेसात हजारांच्या आसपास मतांचे अंतर होते. 2022चे वर सांगितलेच. दोदिक यांच्या जागेसाठी 23 नोव्हेंबर 2025ला पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पक्षाचे माजी गृहमंत्री सिनिशा करान आणि एसडीएस पक्षाचे, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक ब्रांको ब्लानुशा यांच्यात पहिल्या मोजणीत करान यांच्या बाजूने दहा हजारांच्या आतबाहेर फरक पडला. यादीतल्या जेमतेम 36 टक्के लोकांनी मतदान केले. नंतर शंभराहून अधिक केंद्रांवरचे निकाल रद्द करून तिथे फेरमतदान घ्यावे लागले. विधानसभेतही दोदिक यांच्या पक्षाला 2022मध्ये 83पैकी 29च जागा होत्या, सरकार छोट्या पक्षांच्या टेकूवर.

मात्र विरोधक म्हणजे उदारमतवादी, असाही समज करून घेऊ नका. एसडीएस हा पक्ष 1990मध्ये रादोवान कराजिच यांनी काढला, ज्यांना पुढे हेगच्या न्यायालयाने वंशसंहारासाठी जन्मठेप दिली. उलट दोदिक 1998मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाले ते पाश्चिमात्य देशांच्या पाठिंब्याने, विधानसभेत स्वतःच्या पक्षाचे अवघे दोन सदस्य असताना. रेपुब्लिका सर्प्स्का टिकली पाहिजे यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. भांडण आहे ते सरकारी नोकऱ्या कुणाला मिळतात, कंत्राटे कुणाच्या घरात जातात, आणि शिकलेली मुले बस पकडून जर्मनीला का जातात, यावर. प्रचारात मात्र प्रत्येक वेळी ‘सारायेव्हो आपल्याला गिळायला टपले आहे’ ही भीती वर येते, आणि नोकरी-कंत्राटांचा हिशोब मागे पडतो. ज्या शिक्षकाची किंवा नर्सची नोकरी पक्षाच्या चिठ्ठीवर टिकते, तिचे मत सर्ब अस्मितेचा कौल म्हणून मोजणे हा तिच्यावर अन्याय आहे.

निकालाच्या रात्री आम्ही वाचकांनी नेमके काय पाहावे? (फ्रँकफर्ट)

पक्षांच्या पत्रकार परिषदा सोडून द्या, केंद्रीय निवडणूक आयोगाचे आकडे पाहा, आणि तेही पहिल्या रात्री अंतिम मानू नका, कारण टपाली मते नंतर मोजली जातात. बाद मतांचा आकडा वाचा. विजयाचे अंतर त्याहून कमी असेल तर वाद होणारच. अध्यक्षपदाइतकेच लक्ष 83 जागांकडे ठेवा, कारण पंतप्रधान तिथूनच मंजूर होतो. सार्वत्रिक निवडणुका दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतात, म्हणजे 2022नंतरची पाळी ऑक्टोबर 2026ची. आणि तुमच्या फ्रँकफर्टमध्ये बान्या लुकाचा कुणी सहकारी असेल, तर त्याने टपाली मतदानासाठी नाव नोंदवले आहे का, तेवढे जरूर विचारा.