'मिनिमल टेक्नो' म्हणजे 'किमान टेक्नो'?

प्रश्न असा आहे: 'मिनिमल टेक्नो' या क्लबात वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताबद्दल मराठीत लिहिताना 'किमान टेक्नो' आणि 'बीट'ला 'ताल' म्हटलं तर चालेल का?

मला ते अजिबात पटत नाही. 'किमान' हा शब्द आपल्याकडे मर्यादा सांगतो: किमान वेतन, किमान तापमान. 'किमान एवढं तरी कर' म्हणताना तर त्यात तक्रारच असते. या संगीतातली काटछाट मात्र जाणूनबुजून, आवडीने केलेली आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा संगीतकार रॉबर्ट हूड याचं १९९४ मधलं 'मिनिमल नेशन' ऐका. ड्रम मशीनचा ठोका, हाय-हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) आणि सिंथेसायझरवरची चिमुकली सुरावट, बस्स. तीच सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि आवाजाचा काही भाग गाळणारा फिल्टर जरासा उघडला की तिचा पोत बदलतो. बाकी गर्दी नसल्यामुळेच तो बदल कानाला कळतो.

यासाठी मराठीत 'मोजका' हा फार सुंदर शब्द आहे. मोजकं बोलणाऱ्याकडे शब्दांची टंचाई नसते, तो निवडून बोलतो. चिलीत जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या रिकार्डो व्हिलालोबोसची २००६ मधली 'फिझहॉयर त्सीहॉयर' ही रचना तब्बल ३७ मिनिटांची आहे. बाल्कन ब्रासबँडचा एक तुकडा ठोक्यावर येतो, विरतो, पुन्हा येतो. क्लबातल्या गाण्याचा नेहमीचा साचा या रचनेने पाळलेला नाही. एवढ्या लांबलचक रचनेला 'किमान' कोण म्हणेल? 'मोजकी' मात्र ती नक्कीच आहे.

प्रकाराचं नाव म्हणून 'मिनिमल टेक्नो' तसंच ठेवावं, ऐकणारे तेच म्हणतात. वर्णन करताना 'मोजका' वापरावा. 'अल्पतम' व्याकरणाला धरून आहे, पण बोलताना तो कुणाच्या तोंडी येत नाही.

याच प्रश्नात 'बीट'साठी 'ताल' सुचवला आहे. तिथे मी 'ठेका' म्हणेन. ताल म्हटलं की 'सम' (जोराची पहिली मात्रा) आणि 'खाली' (हलकी मात्रा) आली. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, वजन हलकं होतं. टेक्नोत चार-चार मात्रांच्या ठेक्यात चारही मात्रांवर किक ड्रम (खोल, जाड ठोका) सारख्याच जोराने पडतो, खाली नाहीच. शिवाय आपण पायाने 'ठेका धरतो', आणि हे संगीत मुळात नाचण्यासाठीच आहे. म्हणून मी लिहीन: 'मोजक्या आवाजांचं, एकाच ठेक्यावर चालणारं मिनिमल टेक्नो'.