मिठासाठी खणलेली जमीन

प्रश्न : अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत यादवी युद्धाच्या काळी (१८६१-६५) बायकांनी दुकानं का लुटली?

उत्तर : ताई, पोटासाठी. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केल्यामुळे मीठसुद्धा मिळेना. मांस खारवायच्या खोलीतली जमीन खणायची, माती पाण्यात उकळून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि तळाशी उरेल ते मीठ! माझी आजी खडेमीठ मोजून टाकायची, म्हणून हे वाचताना मला गलबलून येतं. नोटा छापून महागाई भडकली होती. सैन्य धान्य सक्तीने उचलत होतं. २ एप्रिल १८६३ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या बायका आधी व्हर्जिनिया राज्याचा गव्हर्नर लेचरकडे गेल्या, मग दुकानांवर तुटून पडल्या. दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसने खिशातले पैसे फेकले, वर गोळीबाराची धमकी दिली. आणि गुलामगिरी टिकवायला उभ्या राहिलेल्या याच सरकारने १८६२मध्ये वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्याला सैन्यभरतीतून सूट दिली होती. या बायकांपैकी अनेकींचे नवरे मात्र आघाडीवर होते.