वडिलांना मधुमेह आहे. दिवसा पेंगतात, रात्री जागतात, सकाळची कामं उरकत नाहीत. हे वयाचंच का?

वयावर ढकलून मोकळे होऊ नका. आमच्या आबांचंही असंच झालं होतं. दुपारी तीन तास झोप, रात्री एक वाजता घरभर फेऱ्या आणि दाढी-आंघोळ उरकेपर्यंत अकरा. शिवाजी पेठेतलं जुनं घर, पलंग माजघरात. तिथं भर दुपारी दिवा लावावा लागतो. सगळी हयात साखर कारखान्यात पाळीनं काम करण्यात गेली, त्यामुळं "मला कधीबी झोप लागती" ही त्यांची ऐट.

डॉक्टर म्हणाले, आधी रात्री का उठतात ते बघा. साखर उतरली तर घाम, धडधड, गोंधळ. चढली तर लघवी. ग्लुकोमीटर घेऊन मी दोन रात्री जागलो. ७०च्या खाली काही गेलं नाही, पण बाराला २४०! साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडं साखर लघवीतून टाकायला लागतात, मग झोप कुठली? सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत यातलं काहीच दिसत नव्हतं.

कारण होतं मालिका. ती संपल्यावर दहाला जेवण. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि त्या वेळी स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडतं. सातला पचणारी तीच भाकरी दहाला जड जाते. आणि मेंदूतलं घड्याळ लागतं ते डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या उजेडानं. घरातल्या दिव्याचा उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक). बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत. त्यात आबांना मोतीबिंदू.

मग पलंग सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत आणला. सकाळी सातला दारच्या कट्ट्यावर खुर्ची, बिनसाखरेचा चहा. पावसात छत्री धरून बसवलं, गल्लीतली पोरं हसायची. दुपारची झोप अर्धा तास, तीही खुर्चीत. जेवण साडेसातला, पण त्याआधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्या. तुमचे वडील इन्सुलिन घेत असतील तर हे अंदाजानं अजिबात करू नका.

पहिले पंधरा दिवस नुसती भांडणं. महिन्याभरानं रात्रीचं उठणं चारवरून एकदा-दोनदावर आलं, आणि आता नऊच्या आत दाढी करून स्वतः भाजी आणायला जातात. मालिकेत काय झालं ते शेजारच्या काकू कट्ट्यावर सांगतात.

एक मात्र बघा, वडील घोरताना मध्येच श्वास अडकल्यासारखे थांबतात का? तसं असेल तर ते प्रकरण वेगळं, कट्ट्यावर बसवून सुटायचं नाही. डॉक्टरांना आवर्जून सांगा.